कपातला पूल

ट्रान्सफॉर्मरचं तेल नापास झालं की कारखान्यातले लोक तेलाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. त्या दिवशीही तेच. ऑक्टोबर संपत आलेला, गळीत हंगाम तोंडावर, बॉयलर पेटवायचा मुहूर्त ठरलेला आणि 33 केव्हीच्या, म्हणजे 33 हजार व्होल्टच्या, ट्रान्सफॉर्मरला शटडाउन मिळालं ते एकाच दिवसाचं. फिल्टर मशीनवाल्याने रात्रभर तेल फिरवलं होतं. सकाळी मी बीडीव्ही घेतली: 27, 19, 41, 22, 33, 24. सरासरी 28 सुद्धा नाही. 30 केव्हीच्या खाली आम्ही नापास धरतो.

बीडीव्ही म्हणजे तेल किती व्होल्टेजला फुटतं ते. कपात समोरासमोर दोन पितळी गोळे, मधे अडीच मिलिमीटरची फट. कप भरून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग सेकंदाला 2 केव्हीने व्होल्टेज चढवायचं, ठिणगी पडली की आकडा लिहायचा. असं सहा वेळा, दर ठिणगीनंतर दोन मिनिटांची विश्रांती. ती पहिली पाच मिनिटं कुणालाच सोसवत नाहीत, निम्म्या रिपोर्टांत ती फक्त कागदावर असतात. फटीचं गेज, म्हणजे फट मोजायचं माप, मात्र मी स्वतःच्या खिशात बाळगतो. मशीनसोबतच्या गेजने कुणी कधी काय खरवडलं असेल, सांगता येत नाही.

"तेलात हवा राहिली असेल," इलेक्ट्रिकलचे साहेब म्हणाले. मला पटेना. नुसता ओलावा असता तर सगळेच आकडे खाली बसले असते. एकाच कपात 19 आणि 41, म्हणजे काहीतरी तरंगतंय. मशीनच्या पारदर्शक झाकणातून टॉर्च मारला आणि पुन्हा व्होल्टेज चढवलं.

दहा-बारा केव्हीपर्यंत काही नाही. मग कपाच्या कडेला लोंबकळणारे केसाएवढे तंतू हलले आणि फटीकडे निघाले. मधे पोचल्यावर आडवे-तिडवे न राहता एका गोळ्याकडून दुसऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, एकाच्या टोकाला दुसरा. पूलच तो. 23 ला ठिणगी.

बारावीत कपॅसिटरचं गणित असतं: प्लेटांमधे डायइलेक्ट्रिकची, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या पदार्थाची, पट्टी अर्धी आत आहे, ती आत ओढली जाते, बल काढा. मी ते पाच मार्कांसाठी सोडवलं होतं. ओढतं कोण, हे विचारलं नव्हतं. मधलं विद्युतक्षेत्र तर एका प्लेटकडून सरळ दुसरीकडे जातं, ते पट्टीला आडवं कसं ओढणार? ओढतं ते कडेला बाहेर फुगलेलं, विरळ होत जाणारं क्षेत्र. तंतूवर स्वतःचा विद्युतभार नसला तरी चालतो. तो तेलापेक्षा जास्त ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या आतले धन आणि ऋण भार विरुद्ध टोकांकडे जरा सरकतात, एवढं त्याला जिथे क्षेत्र दाट तिकडे सरकायला पुरतं. आणि आमचं व्होल्टेज तर एसी, सेकंदाला शंभरदा दिशा बदलणारं. तरी तंतू मागे-पुढे करत नाही, कारण बल क्षेत्राच्या वर्गावर ठरतं आणि वर्गाला उणे चिन्ह नसतं. पदार्थ किती ध्रुवित होतो ते सांगणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक तेलाचा सव्वादोनच्या आसपास, पाण्याचा 80. म्हणजे ओला तंतू किती ओढीने जात असेल बघा. हवेचा स्थिरांक एक, तेलापेक्षा कमी, म्हणून बुडबुडा उलट दाट क्षेत्रातून बाहेर ढकलला जातो. हे मी साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं. सांगायला नको होतं.

"मामा, कप कशाने पुसला?" कप पुसून देणाऱ्या मामांना मी विचारलं.

"कॉटन वेस्टने. चांगला लख्ख पुसून दिला की."

कॉटन वेस्ट, म्हणजे सुताच्या टाकाऊ धाग्यांचा बोळा, ही आपल्या कारखान्यांची संजीवनी आहे, बेअरिंगपासून जेवणाच्या टेबलापर्यंत सगळीकडे तीच. तेलाच्या कपाला कापड लावायचंच नसतं, त्याच तेलाने विसळायचा असतो. मी व्हॉल्व्हमधून चांगलं दोन-तीन लिटर तेल सोडून दिलं, कप तीनदा विसळला, नवा नमुना घेतला. 58, 63, 61, 66, 60, 64. सरासरी 62. संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला, म्हणजे पुन्हा वीज जोडली. मामांना साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, आणि मी तिथेच केबल गुंडाळत उभा होतो.

घरी येताना एसटीत लक्षात आलं की मी दोन गोष्टी एकदम बदलल्या. कपही विसळला आणि व्हॉल्व्हही मोकळा केला. सकाळी घाईत मी व्हॉल्व्हमधून जेमतेम तांब्याभर तेल सोडलं होतं. म्हणजे तंतू टाकीच्या तळाशी साचलेले असू शकतात. आतल्या तारांच्या वाइंडिंगवर गुंडाळलेला कागदही कापसासारखा सेल्युलोजच, आणि हा ट्रान्सफॉर्मर माझ्या नोकरीपेक्षा जुना. कागद झिजून तंतू सोडत असेल, तर मामांचा काही दोष नाही आणि माझा 62 चा रिपोर्टही अर्धाच खरा. रिपोर्टच्या छापील नमुन्यात पहिल्या सहा आकड्यांना जागाच नाही, ते माझ्या डायरीत आहेत. शेऱ्यात मी फ्युरान टेस्ट करून घ्या असं लिहिलं; कागद झिजला की तेलात उतरणारी रसायनं ती मोजते. कारखान्यातून फोन आला, "हंगामानंतर बघू."

सकाळच्या नमुन्यातलं उरलेलं तेल मी बाटलीत भरून आणलंय. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या फितीसारखा दिसतो, कागदाच्या लगद्याचा तसा दिसत नाही. ओळखीच्या एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत बाटली देऊन आलोय. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघतो म्हणालेत.