आधी डॉक्स, मग कोड

बर्लिनला नोव्हेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या कमिटफेस्टचाही हा एक महिना. जगभरातून आलेले पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, या काळात तपासले जातात. स्वतःचा पॅच दिलात तर दुसऱ्या कुणाचा तरी तपासायचा, हा तिथला रिवाज.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा रिव्ह्यूला बसलो आणि थेट सी भाषेतला कोड उघडला, डॉक्स म्हणजे वापराची लेखी माहिती नव्हे. शेजारची सहकारी या कामात मुरलेली. ती म्हणाली, "आधी डॉक्स वाच. हे फीचर काय करणार तेच ठाऊक नसेल, तर कोड चुकला की नाही हे कशावरून ठरवणार?"

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा डॉक्स म्हणजे अडलं की उघडायची गोष्ट. पोस्टग्रेसमध्ये ते कोडच्याच रेपॉझिटरीत, म्हणजे साठ्यात, असतात. वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल केलात, तर डॉक्समधला बदलही त्याच पॅचमध्ये हवा.

त्याचं मोल कळायला आवृत्ती ११ पाहावी, २०१८ ची. त्याआधी डिफॉल्ट किंमतीसह, म्हणजे आपोआप भरल्या जाणाऱ्या मूल्यासह, नवा कॉलम जोडला की अख्खं टेबल नव्याने लिहिलं जायचं. ११ पासून ते काम क्षणात होऊ लागलं. पण डिफॉल्ट दर ओळीला वेगळं निघणार असेल, उदाहरणार्थ त्या-त्या क्षणाची वेळ देणारं क्लॉक_टाइमस्टॅम्प, तर टेबल पुन्हा लिहावंच लागतं. डॉक्समध्ये हे स्पष्ट सांगितलंय. ते वाक्य नसतं, तर कोड अचूक असूनही कुणाचं तरी कोट्यवधी ओळींचं टेबल भर दुपारी लॉक होऊन बसलं असतं.

माझ्या वाट्याला आलेल्या पॅचच्या डॉक्समध्ये नवा पर्याय 'टेबलवर' चालतो, एवढंच होतं. मग पार्टिशन केलेल्या, म्हणजे भागांत विभागलेल्या, टेबलचं काय? करून पाहिलं. एरर नाही, वॉर्निंग नाही आणि कामही झालेलं नाही! नुसता कोड वाचून हे मला कधीच सापडलं नसतं, कारण त्या स्थितीसाठी कोडमध्ये ओळच नव्हती. पॅच लिहिणाऱ्याने पुढच्या खेपेला स्वच्छ एरर दिला, डॉक्समध्येही भर घातली.

इंग्रजी आपण शाळेत शिकलेली भाषा, म्हणून आधी मी डॉक्सवर बोलायला बिचकायचो. आता एखादं वाक्य दोनदा वाचावं लागलं, तर तसं सरळ कळवतो. डेटाबेस वापरणाऱ्या कितीतरी लोकांचं इंग्रजी माझ्यासारखंच आहे.

जानेवारीच्या कमिटफेस्टसाठी दोन पॅच निवडून ठेवलेत. एकात डॉक्स अजून आलेलेच नाहीत. पहिला शेरा तोच लिहिलाय.