डोंगराआड गेलेला ध्रुव

भंडारदरा धरणाच्या मागच्या अंगाला, रतनगडाच्या बाजूला आमच्या चुलत्यांचं, म्हणजे आबांचं, माळरान आहे. जवळच्या अकोले गावात माझा लग्नाचे फोटो काढायचा स्टुडिओ. २०१८ च्या दिवाळीनंतर एक जुनी ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आणि चार तंबू घेऊन तिथे रात्रीच्या आकाशदर्शनाची शिबिरं सुरू केली.

जागा निवडली ती पाणी जवळ आणि उत्तरेला डोंगराचा आडोसा, वारा लागत नाही म्हणून. पहिल्याच खेपेला मुंबईची चार पोरं महागडे ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारी यंत्रं, घेऊन आली. तासाभराने एकाने विचारलं, "काका, ध्रुव कुठंय?"

आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून साडेएकोणीस अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, म्हणजे दोन मुठीसुद्धा नाही. आमचा डोंगर तीन मुठी! ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे लावल्याशिवाय तो ताऱ्यांच्या मागे नीट फिरत नाही. त्याच्याविना २० मिमीच्या लेन्सने फार तर २०-२५ सेकंदांचं एक्स्पोजर, पुढे ताऱ्यांच्या रेघा होतात. पोरांनी तेवढ्यावर भागवलं. मी अर्धे पैसे परत केले. लग्नात नवरीचा फोटो हुकावा तसं वाटलं.

दुसऱ्या महिन्यात वरच्या पठारावर गेलो. वीस मिनिटांची चढण, पाण्याचे कॅन खांद्यावर. पण उत्तर मोकळी, आणि दक्षिणही. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू क्षितिजाच्या जेमतेम मूठभर वर दिसतो.

धंद्याचं गणित साधं आणि कठीण. पावसाळ्याचे चार महिने बंद. दुर्बिणीच्या आरशाला बुरशी लागू नये म्हणून राखायचं, एवढंच काम. उरलेल्या आठेक अमावस्यांतली एखादी ढग खातात. आकाशगंगेचा भरगच्च भाग धनू-वृश्चिकेकडे, फेब्रुवारीत तो पाहायला पहाटे उठावं लागतं. मोबाइलवरचे रंगीत फोटो पाहून येणाऱ्यांना मी पैसे घेण्याआधीच सांगतो, डोळ्यांना ती पांढुरक्या धुरासारखीच दिसणार. काही जण तिथूनच फोन ठेवतात. ठेवोत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र कोजागिरीच्या आठवड्यात, एरवी आमच्या सुट्टीच्या दिवसांत, त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आला आणि फोन थांबेना. चांदणं होतं, तरी कॅमेऱ्यात शेपूट स्वच्छ आली. आबांनी सगळ्यांना मसाला दूध पाजलं.

मध्यंतरी खाली वस्तीच्या वाटेवर पांढरा झगझगीत दिवा लागला. पाण्याला जाणाऱ्या बायकांना तो हवाच होता, तक्रार कुठल्या तोंडाने करायची? वस्तीला विचारून स्वखर्चाने पत्र्याची टोपी बसवली. आता उजेड वाटेवर पडतो, पठारावर येत नाही. बायकांच्या डोळ्यांवर येणारी तिरीपही गेली.

यंदा ट्रायपॉडसाठी तीन सिमेंटचे कट्टे घालतोय. अंधार पडता पडता आखणीसाठी गवंड्याला घेऊन वर गेलो, तर आबा आधीच येऊन उत्तरेकडे हात लांब करून मुठी मोजत उभे.