केटलवरचा मुलगा गेला

मागच्या आठवड्यात आमच्या थिएटरच्या कँडी काउंटरवरचा, म्हणजे पॉपकॉर्न-खाण्याच्या काउंटरवरचा, सगळ्यात तयार मुलगा नोकरी सोडून गेला. बडवानीकडचा. सकाळी इंदूरच्या भंवरकुआंला पीएससीचा क्लास, संध्याकाळी पाच ते रात्री एक आमच्याकडे. अकरा महिने टिकला. आमच्या धंद्यात अकरा महिने म्हणजे पुष्कळ.

मी इंदुरात एका मल्टिप्लेक्समध्ये ड्यूटी मॅनेजर आहे. लोकांना वाटतं, थिएटर तिकिटांवर चालतं. कर वजा जाता तिकिटाच्या पैशांतले ५० टक्के पहिल्या आठवड्यात वितरकाला जातात, पुढे तो वाटा उतरत जातो. निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्या २००९ च्या मोठ्या तंट्यानंतर हे प्रमाण ठरलं. पॉपकॉर्नमध्ये मात्र वितरकाचा वाटा नसतो. म्हणून मध्यंतराच्या पंधरा मिनिटांवर आमची भिस्त, आणि ती पंधरा मिनिटं हा मुलगा सांभाळायचा.

प्रत्येक सिनेमाचं मध्यंतर किती वाजता, हे त्याला पाठ असायचं. दहा मिनिटं आधी केटल, म्हणजे पॉपकॉर्न फोडायचं भांडं, तापत टाकायचा आणि कान देऊन उभा राहायचा. तडतड विरळ झाली, दोन दाण्यांच्या मधे श्वास घेण्याइतकी उसंत आली, की लगेच केटल उलटी. जरा उशीर झाला तर तळाचे दाणे करपतात आणि तो वास पुढच्या शोपर्यंत लॉबीतून हलत नाही. हे वहीत लिहून देता येत नाही. शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं, आणि ज्याच्या शेजारी उभं राहायचं तोच निघून जातो. २०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा असे जुने हात गेले, ते परत आलेच नाहीत.

तो पगारासाठी गेला नाही, रोस्टरमुळे गेला. नवा सिनेमा शुक्रवारी लागतो, शोच्या वेळा बुधवारी रात्री हातात पडतात, मी गुरुवारी पाळ्या लावते. उद्या सकाळी नऊला यायचंय, हे मुलांना आदल्या दिवशी कळतं. त्याची टेस्ट शनिवारी असायची. तीन वेळा मी म्हटलं, एवढ्या वेळी सांभाळून घे. तिन्ही वेळा त्याने घेतलं. चौथ्या वेळी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ‘दीदी, अब नहीं हो पाएगा.’

सोडण्याच्या फॉर्मवर त्याने ‘चांगली संधी’वर खूण केली. सगळेच तिथे करतात. मग वरच्या ऑफिसला वाटतं, पाचशे रुपये वाढवले की मुलं थांबतील. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

शुक्रवार ते रविवार माझ्या हातात नाही. पण सोमवार ते गुरुवार शो वीस मिनिटं इकडेतिकडे झाले तरी संध्याकाळची पाळी तीच राहते. ते चार दिवस आता मी पंधरा दिवस आधी लिहून लावते. मुलांच्या परीक्षांच्या तारखा माझ्या कॅलेंडरवर लाल शाईने. दिवाळीत मोठा सिनेमा लागतो आणि खरगोन-धारची सगळी मुलं घरी जायचं म्हणतात. आजवर चिठ्ठ्या टाकायचो. यंदा रंगपंचमीला गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, सोडून जे कामावर आले, त्यांची रजा आधी.

काल त्याला फोन केला. फक्त सोम ते गुरू, तारखा आधी लिहून देते म्हटलं. पेपर झाला की सांगतो म्हणाला. काउंटरवर सध्या देवासची नवी मुलगी आहे. शुक्रवारी तिच्या दोन केटल करपल्या. मी शेजारी उभी होते, पण कधी उलटायची ते मलाही नीट ऐकू आलं नाही.