दिव्याला हाताचा आडोसा: हळदणकरांच्या चित्राची तिसरी नक्कल

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या 'ग्लो ऑफ होप' या जलरंगचित्राची नक्कल करण्याचा हा माझा तिसरा प्रयत्न असून, गेल्या तीन आठवड्यांत चेहरा आणि पदर बऱ्यापैकी साधले, तरी ज्या हातासाठी हे सारे आरंभले तो हात अजून उजळलेला नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे चित्र राजा रविवर्मा यांचे असल्याचे सांगणारे आजही भेटतात. वास्तविक रविवर्मा १९०६ साली निवर्तले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमारास रंगवलेले असून, त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती.

चित्रात प्रसंग असा काहीच नाही. पेटता दिवा घेऊन एक तरुणी उभी आहे आणि दुसऱ्या हाताचा पंजा तिने ज्योतीपुढे धरला आहे, त्यामुळे उजेडाची खूण मुख्यतः बोटांच्या तांबूस कडांवरून आणि खालून उजळलेल्या चेहऱ्यावरून पटते. नावातली 'आशा' मला त्यात कधीच जाणवली नाही. दिवेलागणीला माजघरातून तुळशीपाशी जाताना दिवा विझू नये म्हणून धरतात तो आडोसा मला दिसतो. त्या तळव्याला धग लागत असणार, पण चेहऱ्यावर तिचा मागमूस नाही.

पहिल्या नकलेत ज्योतीसाठी लावलेले मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखण्यासाठी लावून नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) काढताना कागदाची सालच निघाली. दुसरीत अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे थर वाळण्याआधीच एकावर एक दिल्याने मागची सावली मळकट झाली. या वेळी ३०० ग्रॅमचा जाड कागद घेतला, ज्योतीची जागा कोरी राखली आणि बोटांवर आधी पातळ पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर नारिंगी असा रंग चढवला. तरीही बोटे प्रकाशमान न दिसता हळद लावल्यासारखी दिसू लागली.

अखेर काल रात्री दिवे मालवून निरांजनापुढे स्वतःचाच हात धरून पाहिला. लाली फक्त दोन बोटांमधल्या पातळ मांसात आणि कडांना येते, पेरांवरचे सांधे मात्र जवळजवळ काळेच राहतात, आणि मी नेमके तेच सांधे उजळत बसलो होतो. रविवारी त्यांवर गडद तपकिरी रंगाचा हात फिरवणार आहे. पिवळ्याला आता शिवणार नाही.