शिकारीची पुस्तकं? तुम्ही विचारलंत म्हणून

पहाटे उठून पाखरं बघायला जाणारा, अंडंसुद्धा न खाणारा, विहिरीत पडलेल्या बिबट्याची बातमी वाचून दिवसभर हळहळणारा माणूस आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांची पुस्तकं का जमवतो? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की पाहुण्याची नजर कपाटाकडे वळली की मी चहा टाकायला आत जातो. भाचेमंडळी गंमत म्हणून विचारतात. पक्षीमित्र घसा खाकरून विचारतात. एका बाईंनी तर ‘घरात लहान मुलं येतात ना?’ असं विचारलं, जणू खालच्या खणात काडतुसंच ठेवलीत.

आजवर मी दोन उत्तरं दिली. एक, मी ही पुस्तकं शिकारीसाठी वाचत नाही, त्यातल्या गवतासाठी, पाणवठ्यांसाठी, दिवसदिवस चाललेल्या पायपिटीसाठी वाचतो. दोन, इतिहास म्हणून वाचतो. दोन्ही खोटी नाहीत. पण दोन्ही समोरच्याला गप्प करायला काढलेली होती.

आधी भांडून घेतो. जे मला विचारतात त्यांच्या घरी कॉर्बेट असतो, कधी इंग्रजी, बहुतेकदा मराठी. त्याला कुणी जाब विचारत नाही. नरभक्षक मारले, म्हणून माफ. मग १९४७ साली भारत सोडून हा माणूस गेला कुठे? केनियातल्या न्येरीला. १९५५ साली तिथेच वारला, तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलंय. त्या थडग्यापाशी उभं राहून हात जोडणारे मराठी लोक मी पाहिलेत, मीही जोडलेत. म्हणजे कॉर्बेट चालतो, पण ज्यांच्या मुलखात तो अखेरचा राहायला गेला त्यांची पुस्तकं घरात नकोत.

हा युक्तिवाद लंगडा आहे, मला ठाऊक आहे. कॉर्बेटनं गावकऱ्यांचे जीव वाचवले. आफ्रिकेतल्या ‘करामोजो’ बेल या शिकाऱ्यानं हस्तिदंत विकलं. या वॉल्टर बेलच्या नावावर १,०११ हत्ती आहेत, आणि त्यातले बरेच त्यानं इतरांना हरणासाठी योग्य वाटावी अशा हलक्या रायफलीनं मारले. हत्तीची कवटी उभी चिरून मेंदू नेमका कुठे बसलेला असतो ते त्यानं पाहिलं. १९२३ साली पुस्तक आलं त्यात चित्रं त्याचीच, हात चांगला होता त्याचा. आणि आता जे सांगायचं टाळत आलो ते: ती प्रकरणं मी श्वास रोखून वाचतो. बेल उंच गवतातून कळपाकडे सरकत असतो तेव्हा मी हत्तीच्या बाजूनं नसतो. पुस्तक मिटल्यावर हत्ती आठवतो. पान उलटताना नाही.

हे एवढंच असतं तर ‘आहे बुवा एक वाईट सवय’ म्हणून मोकळा झालो असतो. पण मकिंडूचं सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही.

नैरोबीत मी एका कंपनीत हिशेब बघायचो. वर्षअखेरीला मोम्बासाच्या गोदामातला माल मोजायला जावं लागे. गाडी चालवायला ऑफिसातले कांबा जमातीचे एक वयस्कर गृहस्थ असत, मकुएनीकडचे. मी त्यांना म्झे म्हणायचो, तिकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं. ते मला बॉस म्हणायचे, माझ्यामागे मुहिंदी, म्हणजे हिंदी माणूस, म्हणत असणार. त्या रस्त्यावर मकिंडूला गुरुद्वारा आहे, रेल्वेवरच्या शिखांनी १९२६ साली बांधलेला. वाटसरू कुठलाही असो, लंगर मिळतं. माझ्यासारख्याला तो रस्ता सोसवतो तो तिथल्या डाळरोटीमुळेच.

त्या खेपेला माझ्याजवळ पॅटरसनचं ‘मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ होतं, १९०७ ची आवृत्ती. देश सोडून निघालेल्या एका कुटुंबानं घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात मिळालेली. जेवताना म्झेंनी विचारलं, काय आहे त्यात. मी रंगलोच. १८९८ साल, युगांडा रेल्वेसाठी त्सावो नदीवरच्या पुलाचं काम, त्यावरचा इंजिनिअर पॅटरसन, आयाळ नसलेले दोन सिंह, रात्री तंबूत शिरून माणूस ओढून नेणारे. मजूर आमचे, हिंदुस्थानातले, बहुतेक पंजाबी, कराची-मुंबईहून बोटीनं आणलेले. जमादार उंगन सिंगला कसं ओढून नेलं तेही सांगितलं. शिखांच्याच ताटात जेवत होतो, त्यामुळे जरा जास्तच आपलेपणानं सांगितलं असेन. पाथरवट महिना ४५ रुपये घ्यायचे आणि साधा मजूर १२, म्हणून दगडाला कधी हात न लावलेले लोकही पाथरवट म्हणून नावं लावत, पॅटरसननं ते पकडलं तेव्हा त्यांनी त्यालाच मारायचा बेत केला, हा माझा आवडता भाग. हिशेबनीसाला आवडणारच.

‘एकूण किती माणसं खाल्ली?’ म्झेंनी विचारलं.

‘अठ्ठावीस.’

‘सगळे मुहिंदी?’

‘हो, अठ्ठावीस मुहिंदी.’

‘आणि आमचे?’

मी पान काढून वाचलं. पॅटरसन लिहितो की अठ्ठावीस हिंदी मजुरांखेरीज कितीतरी दुर्दैवी आफ्रिकनही बळी पडले, त्यांची सरकारी नोंद ठेवलेली नाही. हे वाक्य मी आधी अनेकदा वाचलेलं होतं. मोठ्यानं, त्या माणसासमोर, कधीच वाचलं नव्हतं.

‘नोंद का नाही?’

मी सांगायला लागलो की हिंदी मजूर कंत्राटावर होते, त्यांची हजेरी, पगार, परत पाठवायचा खर्च, सगळं कागदावर असे, मेला तर वहीत दिसणारच. बोलता बोलताच ऐकू आलं की मी कारण देतोय, आणि कारण बरोबर आहे, आणि त्यानं काहीही होत नाही.

विषय बदलावा म्हणून जे. ए. हंटर या शिकाऱ्याचं काढलं. त्याचं जुनं हंटर्स लॉज किबोकोला, थोडं मागेच राहिलं होतं. म्झेंना नाव ठाऊक होतं. ‘गेंडेवाला,’ ते म्हणाले. मकुएनीत कांबा लोकांना शेतीसाठी जमीन मोकळी करून द्यायची म्हणून सरकारनं हंटरकडून गेंडे मारवले, १९४४ ते १९४६ मध्ये, त्याच्या स्वतःच्या आकड्याप्रमाणे ९९६. मला वाटलं आता आमचं दोघांचं जमेल, दोघं मिळून हळहळू. म्झे म्हणाले, ‘बरं केलं. माझ्या वडिलांना शेत तिथेच मिळालं. माझी शाळेची फी त्या शेतातून आली.’

मग जरा थांबून त्यांनी चुलत्याची गोष्ट सांगितली. पन्नाशीच्या दशकात त्सावोच्या अभयारण्यात सरकारनं चोरट्या शिकारीविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा वाटा आणि कांबा या जमातींचे शिकारी भराभर तुरुंगात गेले, त्यात हा चुलता होता. धनुष्य आणि विषारी बाण. मी विचारलं, हत्ती किती मारले होते? ‘दोन की तीन. पुस्तक कुणी लिहिलं नाही.’

‘आणि ते गेंडे एकेक मोजले?’ म्झेंनी विचारलं.

‘हो.’

‘९९६.’

‘हो.’

‘त्सावोत आमची माणसं मोजली नाहीत.’

आवाज चढलेला नव्हता. एखादं बिल तपासताना आमचा ऑडिटर बोलायचा, तसे बोलले. मग दोघांनी ताटं नेऊन दिली आणि आम्ही निघालो. पुढे मोम्बासापर्यंत त्यांच्या धाकट्या मुलाच्या कॉलेजबद्दल बोललो.

मला टोचलं ते नेमकं काय, हे अजून धड सांगता येत नाही. गेंड्यांबद्दल माझं छोटं भाषण तयार होतं, ते तोंडातच राहिलं, हे एक. पण त्याहून, ती पुस्तकं मी हिशेबनीस असूनही हिशेब म्हणून कधी वाचलीच नव्हती, आणि तोपर्यंत त्यात मला सगळं दिसत होतं, असा माझा समज होता.

त्यानंतर मी ती पेन्सिल घेऊन वाचायला लागलो. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मुलाला घेऊन आफ्रिकेत शिकारीला गेला होता, त्याच्या पुस्तकात मारलेल्या जनावरांचा तक्ता आहे, वाणसामानाच्या यादीसारखा, बापाचं वेगळं, मुलाचं वेगळं: २९६ आणि २१६, मिळून ५१२. त्यात १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे. युगांडा रेल्वेसाठी हिंदुस्थानातून ३१,९८३ मजूर आणले, त्यातले २,४९३ मेले, हेही शेवटच्या माणसापर्यंत मोजलेलं. त्याच कामावर मेलेल्या आफ्रिकन माणसांचा असा आकडा माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकात नाही. त्सावोचे ते दोन सिंह १९२४ साली ५,००० डॉलरला शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकले गेले, २००९ साली त्यांच्या केसांची आणि हाडांची रासायनिक तपासणी झाली, आणि दोघांनी मिळून सुमारे ३५ माणसं खाल्ली असावीत असा अंदाज निघाला. पॅटरसननं पुढे १३५ सांगितले होते. केसांमधून माणूस कळतो. कुठला माणूस, ते कळत नाही.

म्हणजे आता मी ही पुस्तकं पुरावा म्हणून वाचतो, असं म्हटलं की पक्षीमित्र खूश होतात. होऊ नका. नुसता पुरावाच हवा असता तर पाचदहा पुरली असती. स्वस्त पुनर्मुद्रणं चालली असती. मूळ बांधणी, नकाशा जागेवर आहे का, हे बघत बसलो नसतो. पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या घालून, कसर लागलेली पानं मऊ ब्रशनं झाडून मी जे जपतो ते पुराव्याचं जपणं नव्हे, तो लोभ आहे.

माझा जुना मी अधूनमधून वाद घालायला येतो. तो म्हणतो, अरे, याच लोकांनी अभयारण्यं उभी केली. सेलूस या शिकाऱ्याच्या नावानं टांझानियात केवढं जंगल राखलं गेलं. मी म्हणतो, म्झेंचा चुलता अभयारण्यापायीच तुरुंगात गेला, आणि त्या सेलूस अभयारण्याच्या मोठ्या भागाला २०१९ साली टांझानियाचे पहिले अध्यक्ष न्येरेरे यांचं नाव दिलं गेलं. तो म्हणतो, मग काय हवं होतं, सगळ्यांनी मारायचं? केनियानं १९७७ साली शिकार बंदच केली, तरी पुढची बारा वर्षं हत्ती मरतच राहिले, १९८९ साली नैरोबीत सरकारला १२ टन हस्तिदंत जाळावं लागलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडेही नाही. बेलच्या पुस्तकातल्या एका पानाच्या समासात माझ्या या जुन्या मीच्या अक्षरात ‘काय नेम!’ लिहिलंय. खोडरबर हातात घेऊन बसलो होतो एकदा. खोडलं नाही. नेम खरंच तसा होता.

तेव्हा पुन्हा विचारू नका, आणि ‘आता विकणार का?’ हेही नको. विकणार नाही. बेलचं माझ्याकडचं पुनर्मुद्रण आहे, बांधणी सुटायला आलीय. १९२३ ची प्रत कुणाकडे पडून असली तर सांगा. किंमत आधी सांगा, म्हणजे घासाघीस मला घरी बसून करता येईल.