खांदा दुखतोय म्हणून मुंबई

सीझनमध्ये मालवणात कॅज्युअल्टीला कानवाले पेशंट रोजचेच. सर्दी असताना स्कूबाला उतरायचं आणि मग पडद्यामागे रक्त घेऊन यायचं.

हा मात्र गावातलाच पोरगा. ट्रॉलरचं जाळं खडकात अडकलं म्हणून हवेची टाकी लावून दुपारभर खाली-वर, २५ मीटरच्या आसपास, शेवटी हवा संपत आली म्हणून सरळ वर. रात्री कुणीतरी डायक्लोचं, म्हणजे दुखणं दाबायचं, इंजेक्शन ठोकलं (खांदा म्हटलं की इंजेक्शन, काल काय केलंस विचारायचं नाव नाही). सकाळी माझ्याकडे. "खांदो दुखता, बाकी काय नाय." दाबलं तर दुखत नाही, दुखणं आत कुठेतरी. डोळे मिटून उभं केलं तर गडी हेलपाटला, आणि डाव्या तळव्याला कापूस लावलेला कळेना.

१० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, २५ मीटरवर साडेतीनपट. त्या दाबाने श्वासातल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, हळू वर आलं तर श्वासातून निघून जातो, झटकन आलं तर जागच्या जागी बुडबुडे. सांध्यात झाले की खांदा दुखतो, मज्जारज्जूत झाले की तोल जातो, तळवा बधिर होतो. डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात तो हाच.

आडवा केला, सलाईन, नॉन-रिब्रीदर (पिशवीवाल्या) मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन. थोड्या वेळात खांदा दुखायचा थांबला आणि तिथेच घोळ झाला, कारण बरं वाटलं म्हटल्यावर पोराचे मामा गाडी काढून तयार, कोल्हापूरला ओळखीचे सर्जन आहेत म्हणे. आमच्याकडे काही झालं की कोल्हापूर नायतर गोवा. अहो, घाट चढला की हवेचा दाब आणखी कमी, बुडबुडे आणखी फुगणार! हे पटवण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात कणकवली आली असती.

त्याला हवा होता चेंबर, १८ मीटर पाण्याइतका दाब देऊन आत ऑक्सिजन, एक बैठक पावणेपाच तासांची. स्कूबाचे बोर्ड नाक्यानाक्यावर, पण चेंबर कुठे आहे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. गोव्यात त्या दिवशी जमेना, मुंबईत सोय झाली. सुमारे ५०० किलोमीटर. हायवेला घाट आहेत, पण सह्याद्री ओलांडायचा नाही. आता ऑक्सिजनचं गणित: लहान बी टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर, म्हणजे १०० मिनिटं. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये ७०००, पावणेआठ तास. रस्ता त्याहून मोठा. एक जम्बो गाडीत बांधला, दुसरा चिपळूणला सांगून ठेवला. बांधाबांध ड्रायव्हरने केली, कागदावर नसलेली अर्धी कामं तोच करतो.

पोरगा चालत परत आला. तळव्याचा एक तुकडा अजून बधिर आहे. रात्रीच आला असता तर तोही सुटला असता का, हे काय डोक्यातून जात नाही. मामा मात्र तिठ्यावर सगळ्यांना सांगत फिरतायत, "खांदो दुखता म्हणान डॉक्टरान पोराक मुंबयक धाडल्यान!"