आमच्या घरातील देवकी

१८ मे २०१७ रोजी रीमा लागू यांचे निधन झाले. त्या दिवशी नागपुरातल्या आमच्या घरी कूलरची घरघर आणि टीव्हीचा आवाज यांची नेहमीची उन्हाळी चढाओढ चालू होती आणि प्रत्येक वाहिनीवर त्यांच्यासाठी एकच बिरूद फिरत होते : हिंदी चित्रपटांची लाडकी आई. ते खोटे नव्हते. पण शहराच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात त्यांना त्या नावाने कोणीच ओळखत नसे. आमच्यासाठी त्या आधी कोकिला होत्या आणि त्याहूनही अधिक देवकी होत्या.

१९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्या नायिकेच्या सोज्ज्वळ आईच्या भूमिकेत दिसल्या आणि त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झाली. नवरा शेजारच्या नटीवर भाळलेला आणि त्या नटीचा नवरा आपल्यावर, अशा विचित्र चौकोनात कोकिला कुलकर्णी सापडलेली असे. जतीन कनाकिया, राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग हे तिघेही आपापला रंग सढळ हाताने उधळणारे कलावंत होते. तिघे विनोद करीत आणि रीमा लागू मात्र संसार करीत. शेजाऱ्याच्या स्तुतीमागचा हेतू कोकिलाला कळत नाही, की कळूनही ती तिकडे काणाडोळा करते, याचा निकाल त्यांनी प्रेक्षकावरच सोडला होता. मला स्वतःला दुसरी शक्यता खरी वाटते.

‘तू तू मैं मैं’ ही सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेली मालिकाही त्याच सुमारास आली. त्या वेळी सासू देवकी साकारणाऱ्या रीमा लागू पस्तिशीच्या आसपास होत्या आणि सुनेच्या भूमिकेतील सुप्रिया पिळगांवकर त्यांच्याहून जेमतेम नऊ वर्षांनी लहान होत्या. तरीही देवकीचे सासूपण कोणाला उसने वाटले नाही. आमच्याकडे ही मालिका आजी आणि आई अशा दोन पक्षांत विभागून पाहिली जाई आणि शेजारच्या हिंदीभाषक काकू, पूर्वी मध्यप्रांताची राजधानी असलेल्या या शहराला शोभेल अशा रीतीने, दोन्ही भाषांत लवाद करीत. देवकीच्या हिंदीखाली मराठी बोलण्याचा जो ठेका होता, तो नागपूरकरांना चांगलाच ओळखीचा होता.

या सहजतेचे मूळ रंगभूमीत आहे. अभिनेत्री मंदाकिनी भडभडे यांची ही मुलगी, माहेरची नयन भडभडे, पुण्याच्या हुजूरपागेत शिकत असतानाच नाटकाकडे वळली. पुढे जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकात त्यांनी अत्याचाराला बळी पडलेली आणि त्याविरुद्ध उभी राहणारी शिक्षिका अंबिका साकारली. अंबिका आणि देवकी एकाच अभिनेत्रीच्या आहेत, हे प्रथम ऐकताना अविश्वसनीय वाटते, परंतु दोन्हींच्या मुळाशी समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकण्याची त्यांची सवय होती. सून टोमणा मारून मोकळी झाली, की देवकी लगेच उत्तर देत नसे. तो टोमणा मनात नीट उतरेपर्यंत ती थांबे आणि प्रेक्षकांना त्या क्षणभराच्या शांततेतच हसू फुटे. पुढचे वाक्य कित्येकदा त्या हशातच बुडून जाई.

‘वास्तव’मध्ये त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान असलेल्या संजय दत्तची आई त्यांनी उभी केली, त्याचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. विनोदी मालिकांच्या वाट्याला मात्र मृत्युलेखांत एखादी ओळ येते, हा आपल्याकडचा जुनाच पंक्तिप्रपंच आहे.

त्या रात्री माझ्या बायकोने मोबाइलवर ‘तू तू मैं मैं’चा एक भाग लावला. नव्वदच्या दशकात सुनेच्या बाजूने आजीशी हिरिरीने भांडणारी माझी आई चष्मा पुसून जवळ येऊन बसली, शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि भाग संपल्यावर म्हणाली, “तेव्हा लक्षात नाही आलं गं, पण बरोबर देवकीचंच होतं.”